भाऊ मिशनवर आहे, डबा कसा पाठवू?

पत्र: माझा भाऊ लष्करात नाईक आहे. चैत्रात त्याची तुकडी संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत दक्षिण सुदानला गेली, वर्षभर तिकडेच राहणार. राखीसोबत त्याला घरचं काही पाठवायचं आहे. आईचं एकच, ‘पोऱ्याले बिबडा धाड, शेव धाड.’ आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी केलेले पापड आणि ज्वारीचे बिबडे घरात आहेतच. त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर पत्ता पाठवला, पण त्यात देशाचं नावच नाही. नुसतं ५६ एपीओ आणि एक पिन कोड. अमळनेरला दोन कुरिअरवाल्यांनी ‘हा पत्ता आमच्याकडे चालत नाही’ म्हणून परत पाठवलं. वहिनीला त्यात पॉवर बँक आणि सेंटची बाटली घालायची आहे. भावाचा एक सोबती सुटीवर आला आहे, तोही काही नेईन म्हणतो. शिवाय आमच्या बचत गटाला दिवाळीत सगळ्या तुकडीसाठी फराळ पाठवायचा आहे. काय पाठवू, किती पाठवू, कसं बांधू?
एक बहीण, अमळनेर तालुका

ताई,

आधी पत्त्याचं बघू, कारण पार्सलं अडकतात ती बहुतेक तिथेच. कुरिअरवाल्यांवर रागावू नका. ५६ एपीओ हा कुठल्या गावाचा पत्ता नाही, तो लष्कराच्या टपालाचा पत्ता आहे. खाजगी कुरिअरचा माणूस तिथे पोचवायला जाऊच शकत नाही. तुमचा रस्ता एकच, पोस्टाची खिडकी. खोकं अमळनेरहून निघून दिल्लीला लष्करी टपालाच्या केंद्रात जातं, तिथे पिनवरून युनिट ओळखतात आणि पुढे पाठवतात. (पूर्वेकडच्या तुकड्यांसाठी असंच ९९ एपीओ, त्याचं केंद्र कोलकात्याला.) ९ ने सुरू होणारे पिन कोड लष्करी टपालासाठीच राखून ठेवलेले आहेत, त्यामुळे भावाचा पिन ९ ने सुरू होत नसेल तर त्याला पुन्हा विचारा, एखादा आकडा चुकला असेल.

देशाचं नाव नाही ते मुद्दामच नाही. तुम्ही काळजीपोटी खाली ‘दक्षिण सुदान’ लिहिलंत की खिडकीवरचा माणूस त्याला परदेशी पार्सल समजतो, कस्टमचा फॉर्म पुढे करतो आणि खोकं भलत्याच वाटेला लागतं. त्याने दिलं आहे तसंच उतरवा: सेवा क्रमांक, हुद्दा, पूर्ण नाव, कंपनी दिली असेल तर ती, युनिट, केअर ऑफ ५६ एपीओ, पिन. इंग्रजीत, मोठ्या सुट्या अक्षरांत. सेवा क्रमांक गाळू नका. एका युनिटात चार-चार पाटील असतात, त्यांत दोघांची नावंही सारखी निघतात. तुमचा पत्ता आणि मोबाइल नंबर डाव्या कोपऱ्यात. आणि बांधलेल्या खोक्याचा फोटो स्टेटसला टाकू नका. सेवा क्रमांक, युनिट आणि ‘भाऊ अमुक ठिकाणी’ असं तिन्ही एकत्र जगाला दाखवायचं काही कारण नाही.

राखी खोक्यात घालू नका. ती वेगळ्या पाकिटात, स्पीड पोस्टने. श्रावणाच्या आधी पोस्टात राखीसाठी न भिजणारी पाकिटं विकायला येतात, त्यातलं एक घ्या. पातळ पाकीट खोक्याच्या मानाने लवकर सरकतं. राखी धाग्याची, सपाट घ्या. मधे खड्यांचा जाड गोंडा असला की पाकीट शिक्क्याखाली फाटतं. चांदीची राखी, नोटा, सोन्याचं काही नको. कुंकू-अक्षता कागदाच्या पुडीत, पुडी प्लास्टिकच्या छोट्या पिशवीत, नाहीतर दमट हवेत चिठ्ठी लाल होऊन पोचेल.

आता खाण्याचं. जिन्नस निवडताना एकच हिशोब धरा: पार्सल वाटेत महिना-दीड महिना राहू शकतं, आणि त्यातले बरेच दिवस गोदामात नाहीतर पत्र्याच्या कंटेनरमध्ये जातात. भुसावळचा मे महिना खोक्यात बंद करून पाठवतो आहोत असं समजा. जे दोन-अडीच महिने टिकतं तेच घाला. दुसरं म्हणजे, तिथे लंगर, म्हणजे तुकडीचं स्वयंपाकघर आहे, भारतीय स्वयंपाकी आहेत, डाळ-भात-पोळी मिळते. डाळी, साखर, साबण, चहा पाठवून वजन वाया घालवू नका. लंगरात नसते ती आपल्याकडची चव, तेवढीच पाठवा.

आई म्हणते ते बरोबर आहे. बिबड्यांसारखा प्रवासाला सोपा जिन्नस नाही. पाणी नाही, तेल नाही, विस्तवावर भाजला की झालं. उडदाचे आणि नागलीचे पापडही तसेच. कुरडया मात्र फार जागा खातात, भुगा होतो आणि तळायला कढईभर तेल लागतं, त्या ठेवा सुटीवर येईल तेव्हासाठी. वाळवणाची गोम एवढीच, की तुम्ही केलं आखाजीच्या आधी आणि बांधणार आषाढात. आषाढातल्या हवेत पापड ओल धरतो आणि तो तसाच बंद केला की तीन आठवड्यांत त्यावर बुरशीचे ठिपके येतात. ऊन पडेल त्या दिवशी दोन तास उन्हात द्या. ऊन नसेल तर जाड कढई तापवून गॅस बंद करा, त्यात पापड उभे लावून ठेवा, झाकण घालू नका. पापड वाकवल्यावर कट्‌कन मोडला पाहिजे. लवत असेल तर अजून ओल आहे. मग दहा-दहाच्या चवडी करून बटर पेपरमध्ये गुंडाळा आणि पत्र्याच्या गोल डब्यात घट्ट बसवा. वर उरलेल्या जागेत कागदाचे बोळे. डब्यात पापड हलला की कडा झिजून खाली चुरा जमतो.

शेव जाड, तिखट, आपली शेवभाजीचीच. चुरली तरी नुकसान नाही, रश्श्यातच जाणार आहे. ती बिघडते तुटून नाही, खवट होऊन. दुसऱ्यांदा वापरलेल्या तेलात तळलेली शेव उन्हाळ्यात पंधरा दिवसांत वास मारायला लागते, म्हणून ताजं तेल घ्या आणि घाणे कडक काढा. मधे मऊ राहिलेल्या कांडीत पाणी असतं. तळल्यावर वर्तमानपत्रावर टाकू नका, शाई लागते, कोरा कागद घ्या. मग तीन-चार तास पूर्ण गार होऊ द्या. हाताला गार लागते तेव्हाही ढिगाच्या पोटात ऊब असते, तीच पिशवीत घाम होऊन बसते. आतून चंदेरी असलेल्या जाड झिप पिशव्या मिळतात, त्यात पाव-पाव किलो भरा आणि हवा दाबून काढा. पाव किलोच का, तर पिशवी उघडल्यावर खोलीतले सगळे मिळून एका बैठकीत संपवतात, उरलेली शेव मऊ पडत नाही.

काळा मसाला हवाच. शंभर-शंभर ग्रॅमच्या चार पुड्या करा आणि प्रत्येक पुडी दोन पिशव्यांत घाला. एका पिशवीतून मसाल्याचा वास हमखास बाहेर येतो, मग बनियन, लाडू, फोटो सगळ्यांना फोडणीचा वास. ताजा कुटलेला मसाला रात्रभर ताटात पातळ पसरून ठेवा, गरम भरला तर गठ्ठे होतात. लंगरातल्या मुगाच्या डाळीतही चमचाभर मसाला टाकला की ताटाची तऱ्हा बदलते, म्हणून एवढ्या वजनात सगळ्यात जास्त उपयोग याचाच.

ठेचा पाठवू नका. हिरव्या मिरचीत आणि लसणात पाणी असतं, आठवड्यात फसफसतो. त्याऐवजी कोरडी चटणी: शेंगदाणे मंद आचेवर खमंग भाजून, सालं काढून, लसूण पाकळ्या चिरून तेलाचा थेंब न घालता तव्यावर कुरकुरीत होईपर्यंत परतून, लाल तिखट, मीठ, जिरं. अर्धवट ओला लसूण राहिला तर चटणी हिरवट-करडी पडते. लसूण बोटांत चुरला गेला पाहिजे. खोबरं घालू नका, ते उष्णतेत सगळ्यात आधी खवट होतं.

गोडात डिंकाचे लाडू, त्यातही खोबरं कमी आणि खारकेची पूड जास्त. एकेक लाडू बटर पेपरमध्ये. नाहीतर उष्णतेने तूप सुटून सगळ्यांचा एक गोळा होतो. शंकरपाळे, गुळाच्या खुसखुशीत कापण्याही चालतील. पेढे, बर्फी, दराबा, मांडे नको. दूध, मावा, पुरण यांतलं काही या प्रवासात टिकत नाही, आणि दराब्यात तूप इतकं, की खोकं खालून पारदर्शक होईल. केळीचे वेफर्स आपला अभिमान खरे, पण फुगीर पाकिटं विमानात आणखी फुगतात आणि जागा खातात ती निराळीच. घालायचेच तर घरचे, डब्यात भरून.

लोणच्याचा हट्ट असेल तर काचेची बरणी नाही. रुंद तोंडाची प्लास्टिकची बरणी, जास्तीत जास्त दोनशे ग्रॅम, झाकणाखाली प्लास्टिकचा तुकडा, आट्यांवर टेप, मग दोन झिप पिशव्या, आणि खोक्यात मधोमध उभी. एवढं करूनही दहातलं एक लोणचं गळतंच. त्यापेक्षा लोणच्याचा कोरडा मसाला पाठवा, लंगरातून चार लिंबं मिळाली की तो तिथे घालेल. कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) पीठही नको. महिन्यात कडसर लागतं, आणि पिठात जाळी धरते. कच्चं धान्य, बियाणं, मटण-मासळीचं काहीही परदेशात नेणं हा वेगळाच घोळ आहे, त्यात पडू नका.

वजनाचा अंदाज असा: शेव एक किलो, बिबडे अर्धा किलो, पापड अर्धा किलो, काळा मसाला चारशे ग्रॅम, चटणी तीनशे, लाडू पाऊण किलो, शंकरपाळे अर्धा किलो. सुती मोजे, बनियन, फोटो, चिठ्ठ्या मिळून चारशे ग्रॅम. खोकं, डबे, टेप यांचं अर्धा किलो धरा. पाच किलोच्या आत बसतं. यापुढे जाऊ नका. दहा किलोचं खोकं उचलताना आपटलं जातं आणि फुटलं तर सगळंच जातं. दुसरं खोकं महिन्याने पाठवा, पहिल्यात काय तुटलं, काय खवट झालं ते त्याला विचारून.

एक चाचणी घरीच करता येते. पाठवायच्या प्रत्येक जिनसाची एक छोटी पुडी छोट्या खोक्यात बंद करून पत्र्याच्या खोलीत वरच्या फळीवर आठ दिवस ठेवा. नवव्या दिवशी उघडून वास घ्या. जे नाकाला खटकेल ते यादीतून काढा. आईला पटणार नाही, पण नाकापुढे तीही वाद घालणार नाही.

खोकं पाच पदरी पुठ्ठ्याचं, नवं. किराणा दुकानातलं तेलाचं खोकं आधीच मऊ झालेलं असतं, त्याच्या कोपऱ्यांत दम नसतो. आत आधी जाड प्लास्टिकची मोठी पिशवी अंथरा, सगळं तिच्यात भरा, शेवटी तोंड पिळून टेप लावा. पुठ्ठा भिजला तरी माल कोरडा राहतो. जड डबे खाली, शेव मधे, कपडे फटींत कोंबायला. टॉवेल-बनियन हेच उत्तम भरण, वेगळा थर्माकोल कशाला? सिलिका जेलच्या पुड्या घालणार असाल तर डब्याच्या बाहेर, खाण्यात मिसळतील अशा नकोत. नाहीतर कोरडे भाजलेले मूठभर तांदूळ फडक्यात बांधून टाका. प्रत्येक पुडीवर केल्याची तारीख आणि ‘हे आधी संपव’ असं लिहा. लाडू आधी, पापड शेवटी. सगळ्यात वर एका कागदावर पूर्ण पत्ता आणि आतल्या वस्तूंची यादी ठेवा. वरचा पत्ता फाटला तर खोकं उघडून माणूस शोधता येतो.

लगेच बंद करू नका. टेप आणि कात्री सोबत घेऊन पोस्टात जा, आत काय आहे असं विचारलं तर दाखवता येतं. मग झाकणाच्या फटीवर लांब पट्टी आणि दोन्ही टोकांना आडव्या पट्ट्या, वर आणि खाली दोन्हीकडे. नुसत्या मधल्या पट्टीवर भरवसा ठेवला की कोपरे उघडतात. खोकं कानाजवळ हलवा. आतून आवाज आला तर अजून भरण हवं. पूर्वीसारखं मांजरपाट शिवून लाखेचे शिक्के मारायची आता गरज नाही. कापडावर शाई पावसात फुटते, तेव्हा शिवायचंच असेल तर पत्ता न पुसणाऱ्या मार्करने लिहा. पत्त्यावर पारदर्शक टेप लावा, बारकोडवर लावू नका. पावती जपून ठेवा. दिल्लीपर्यंत खोक्याची नोंद पोस्टाच्या संकेतस्थळावर दिसते. पुढची बऱ्याचदा दिसत नाही, लष्कराच्या हाती गेल्यावर तसंच असतं. नोंद थांबली म्हणून हरवलं असं धरू नका आणि भावाला रोज विचारून हैराण करू नका.

वहिनीला सांगा, पॉवर बँक नाही आणि सेंटही नाही. पॉवर बँकेतली लिथियमची बॅटरी दाबली गेली तर पेट घेते, सेंटमध्ये अल्कोहोल असतं, डिओच्या डब्यात दाबाखालचा वायू. विमानाने जाणाऱ्या पार्सलात यांतलं काही सापडलं तर नुसती बाटली काढत नाहीत, अख्खं खोकं थांबतं. लायटर, काडेपेटी, नेलपॉलिश याच यादीत. देव्हाऱ्याचं सामान घालताना बायका हमखास विसरतात तो कापूर, तोही ज्वालाग्राही आहे. सुक्या खोबऱ्याच्या अख्ख्या वाट्याही नकोत. खोबऱ्यातल्या तेलामुळे ते आपोआप तापू शकतं, म्हणून विमान कंपन्या नाकारतात. उदबत्ती चालेल, विभूतीची पुडी चालेल. औषधांच्या गोळ्या आपल्या मनाने घालू नका, त्याच्याकडे डॉक्टर आहेत.

सोबत्याकडे द्यायचं तर मोजून किलोभर द्या, त्याच्याही घरचे डबे असतात. आणि त्याचं विमान कुठून बदलतं ते आधी विचारा. दुबईसारख्या ठिकाणाहून जात असेल तर अनारसे देऊ नका, त्यावरची खसखस संयुक्त अरब अमिरातीत बंदी असलेल्या अमली पदार्थांत मोडते. काळ्या मसाल्यात तुम्ही खसखस घालत असाल तर तोही पोस्टाने जाऊ द्या, सोबत्याच्या बॅगेत नको. बंद पाकीट कोणाच्याही हाती सोपवू नका. त्याच्यासमोर भरा, त्याला काय आहे ते कळू द्या, विमानतळावर उत्तर त्यालाच द्यायचं आहे.

खोकं टाकायचं कधी? राखीसाठी आषाढ लागता लागता. चुकून उशीर झाला तर घाईने अर्धवट वाळलेले पापड कोंबू नका. राखीचं पाकीट वेळेत गेलं तर पुरे, खाऊ पोळ्याला पोचला तरी कोणी परत करत नाही. चिठ्ठीत कपाशी किती वर आली, केळीला भाव काय मिळाला, श्रावणात कानबाईच्या सणाला कोणकोण येणार आहे हे लिहा. तो कुठे गस्तीला जातो, किती जण असतात असले प्रश्न लिहू नका. पोरांनी काढलेली चित्रं दुमडून घाला, गुंडाळी केली की चेपते.

बचत गटाचं काम मोठं आहे, आणि आधी विचारल्याशिवाय करू नये. परस्पर नावं मिळवून अनोळखी जवानांना पार्सलं टाकलीत तर युनिट ती संशयानेच बघेल, आणि बरोबरच आहे. भावाला म्हणावं, आपल्या सुभेदार साहेबांना विचार: फराळ घेतील का, किती जणांचा, कोणाच्या नावे. होकार आला तरच चुली पेटवा. माणशी दोनशे ग्रॅमची एक बंद पिशवी धरा, शेव, शंकरपाळे आणि एक डिंकाचा लाडू. तीस जणांचे सहा किलो होतात, ते तीन-तीन किलोच्या दोन खोक्यांत, वेगवेगळ्या दिवशी टाका. सगळ्या पिशव्या एकसारख्या ठेवा. चौक्यांवर ड्यूटीला असलेल्यांपर्यंत बंद पिशवीच पोचते, मोठा डबा उघडला की तळावरच संपतो. पिशवीवर केल्याची तारीख आणि जिन्नस लिहा, शेंगदाणा असेल तर तो ठळक. चकली-करंजी यात धरू नका, चकलीचे तुकडे होतात आणि करंजीतलं सारण आधी बिघडतं. टाकायची वेळ गणपती बसतात तेव्हाची. नवरात्रात टाकलेला फराळ दिवाळी उलटल्यावर पोचतो.

नकार आला तर मन खट्टू करू नका. तेच पैसे जळगावच्या किंवा धुळ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात ध्वजदिन निधीला भरता येतात. ७ डिसेंबर हा ध्वजदिन, म्हणजे दिवाळीनंतरच. पावती गटाच्या नावाने घ्या, पुढच्या वर्षीच्या हिशोबात लागते.